उत्तर आणि जाहिरात

आमच्या लहानपणीं तीर्थाच्या गांवीं उतरलेला वाटसरू स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्यास विचारी, "बाबा, येथें उतरावयास चांगली जागा कोठें मिळेल?" ह्या साध्या प्रश्नांत मोठा विश्वास गृहीत धरलेला असे. टांगेवाल्यास गांव ठाऊक आहे, आपणांस नाहीं. आणि जें त्यास ठाऊक आहे तें तो आपल्या हितासाठीं सांगेल, असा तो विश्वास. टांगेवाला त्यास एखाद्या खाणावळीच्या दारांत नेऊन सोडी. खाणावळ कदाचित् चांगलीही असे. परंतु प्रत्येक उतारूमागें टांगेवाल्यास तेथून चार पैसे मिळतात, हें मागाहून कळलें म्हणजे वाटसरूच्या मनास जें लागे, तें जेवणाच्या चवीवर अवलंबून नसे. आपण वाट विचारली आणि आपणांस माल म्हणून पोंचविण्यांत आलें, हें तें शल्य होय.

हा प्रसंग आठवण्याचें कारण असें कीं, आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. रत्नागिरी जिल्ह्यांत त्याच्या घरची हापूसची बाग आहे. वडिलांच्या वेळीं पेट्या वाशीच्या बाजारांत दलालाकडे जात. हा मात्र पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांस परस्पर आंबा पाठवितो. आठदहा वर्षांत त्याच्या बागेचें नांव झालें. आतां एका शोधयंत्रावर कोणी तें नांव लिहिलें, तर सर्वांच्या वर त्याची ओळ न दिसतां दुसऱ्याच एका विक्रेत्याची जाहिरात दिसते. कारण त्या विक्रेत्यानें ह्याच्या नांवावर बोली लावली आहे. आपणही आपल्याच नांवावर मोठी बोली लावावी, असा सल्ला ह्यास मिळाला व ऐन हंगामांत तो तसें करूंही लागला. "सर, ह्याला व्यापार म्हणावयाचें कीं खंडणी? आणि उद्यां मींही त्याच्या नांवावर बोली लावली, तर त्यांत वाईट काय?" असे दोन प्रश्न त्यानें आमच्यापुढें ठेवले. पहिल्याचें उत्तर आम्हीं तत्काळ दिलें: खंडणी! दुसऱ्याचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आणि त्याचा विचार करूं लागतांच पहिलें उत्तरही अर्धेंच खरें होतें असें दिसून आलें.

ह्या व्यवहाराचा इतिहास थोडा, पण बोधप्रद आहे. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या सर्गेई ब्रिन व लॅरी पेज ह्या दोन तरुणांनीं आपल्या नव्या शोधयंत्राचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल व विचारणाराच्या गरजेपासून दुरावेल, असें त्याच्या परिशिष्टांत त्यांनींच म्हटलें आहे. त्याच वर्षीं बिल ग्रॉस ह्या अमेरिकन व्यावसायिकाच्या 'गोटू' नामक शोधयंत्रानें शब्दांचा उघड लिलाव मांडला. ज्याची बोली मोठी तो वर, असा त्याचा रोकडा नियम होता. परंतु अमुक जागेसाठीं अमुक इतके सेंट मोजले आहेत, हा आंकडाही तेथें प्रत्येक ओळीशेजारीं दाखविलेला असे. आपली दलाली आधींच सांगून टाकणारा असा तो टांगेवाला होता. पुढें ब्रिन व पेज यांच्या गूगल कंपनीनें २००० च्या ऑक्टोबरांत स्वतःची जाहिरातयोजना काढली, व २००२ पासून टिचकीगणिक पैसे आणि शब्दांचा लिलाव हीच पद्धति पत्करली. मात्र बोलीच्या रकमेबरोबर लोक त्या जाहिरातीकडे किती वळतात हेंही तिनें हिशेबांत धरलें, आणि जाहिराती उत्तरांहून वेगळ्या दाखविल्या. गोटूपेक्षां ही व्यवस्था अधिक सभ्य होती, हें मान्य केलें पाहिजे.

ह्या पद्धतीच्या बाजूनें आणखीही बरेंच सांगतां येईल. पूर्वी जाहिरात ही भांडवलवाल्यांची मिरास होती. वृत्तपत्राचें पान किंवा हमरस्त्यावरचा फलक विकत घेण्याचें सामर्थ्य कोंकणांतल्या बागायतदारास कोठून असणार? ज्यास आंबा हवा आहे त्याच्याच समोर, तो विचारील त्याच क्षणीं, थोडक्या खर्चांत उभें राहतां यावें, आणि कोणी आपल्याकडे वळला तरच पैसे पडावे, ही सोय त्यास शोधयंत्रानेंच प्रथम दिली. आमचा विद्यार्थी आज दलालावांचून धंदा करतो तो ह्याच साधनाच्या बळावर. शिवाय, मासिकें व वृत्तपत्रेंही जाहिरातींवर जगत आलीं आहेत. तेवढ्यानें त्यांतला मजकूर खोटा ठरत नाहीं. परंतु तेथें मजकूर व जाहिरात यांच्यामध्यें एक रेघ असते. लेखाच्या परिच्छेदांत केशतेलाची स्तुति शिरली, तर सुजाण वाचक संपादकास जाब विचारल्यावांचून राहत नाहीं.

शोधयंत्राच्या पानावरची ही रेघ मात्र हळूहळू पुसट होत गेली. पैसे घेऊन दिलेली जागा स्पष्ट ओळखूं येईल अशी दाखवावी, असें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २००२ सालीं शोधयंत्रांच्या चालकांना पत्रानें कळविलें. आणि ही ओळख क्षीण होत चालली आहे, असें २०१३ मध्यें त्यास पुन्हा लिहावें लागलें. गूगलच्या पानावर एके काळीं वरच्या जाहिरातींमागें फिकट रंगाची पट्टी असे. २०१३ च्या सुमारास ती जाऊन पिवळी चिठ्ठी आली. २०१६ मध्यें ती चिठ्ठी हिरवी झाली. त्याच वर्षीं संगणकाच्या पानावरून उजवीकडच्या जाहिराती काढून वरच्या बाजूस चारपर्यंत जाहिराती येऊं लागल्या. २०२० च्या आरंभीं तर जाहिरात व उत्तर हीं जवळजवळ एकाच सांच्यांतलीं दिसूं लागलीं, व लोकांनीं ओरड केल्यावर कंपनीस त्या मांडणीचा फेरविचार करावा लागला. २०२२ पासून 'प्रायोजित' हा शब्द ठळकपणें लिहिला जातो, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. ह्यांतला कोणताही एक फरक घेतला, तर त्यावर फिर्याद करावी इतका तो मोठा नाहीं. धान्याच्या राशींतून एकेक दाणा उचलीत गेलें असतां रास कोणत्या दाण्याशीं संपली हें सांगतां येत नाहीं. पण शेवटीं रास उरत नाहीं, हें तर खरें? मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर कित्येकदां पहिलें दर्शन जाहिरातींचेंच होतें. म्हणून जो व्यापारी काल आपल्या गुणावर वर येत होता, त्यास आज तेथेंच टिकण्यासाठीं पैसे मोजावे लागतात.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. "चांगला हापूस कोठें मिळेल?" हा एक प्रश्न आहे, आणि "अमक्याची बाग कोठें आहे?" हा दुसरा. पहिला विचारणारा अद्याप निवड करीत आहे. त्याच्यापुढें दहा विक्रेत्यांनीं उभें राहून, आपण जाहिरात करीत आहों हें न लपवितां, "इकडेही पाहा" म्हणावें, ह्यांत अन्याय नाहीं. बाजार म्हणजे तेंच. दुसरा विचारणारा निवड करून चुकला आहे. त्याच्या ओठांवर जें नांव आलें, तें वर्षानुवर्षें सचोटीनें पाठविलेल्या पेट्यांनीं व नासका आंबा निमूटपणें बदलून दिल्यानें आलेलें आहे. ह्या क्षणाचा लिलाव करणारा जी वस्तु विकतो, ती त्याची नव्हे. आणि बोली लावणाराही दुसऱ्याच्या पतीवर आपली चूल पेटवितो.

कायदा येथपर्यंत येत नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें २०२३ च्या ऑगस्टांत असें ठरविलें कीं, अशा व्यवहारांत शोधयंत्र हें केवळ तटस्थ वाहक नसून सक्रिय भागीदार आहे. तथापि दुसऱ्याचें व्यापारचिन्ह शब्द म्हणून वापरणें हें, गिऱ्हाइकाचा घोटाळा होत नसल्यास, तेवढ्यानेंच चिन्हाचा भंग ठरत नाहीं. अमेरिकेंतील एका न्यायालयानें ५ ऑगस्ट २०२४ रोजीं गूगलनें शोधाच्या क्षेत्रांतील आपली मक्तेदारी बेकायदा रीतीनें राखली असा निर्णय दिला, आणि प्रतिस्पर्ध्यांची फिकीर न करितां ती जाहिरातींचे दर वाढवूं शकली, असेंही नमूद केलें. हे निर्णय महत्त्वाचे खरेच. परंतु कायदा फसवणूक व मक्तेदारी ह्यांचा विचार करतो. शेजाऱ्याच्या नांवाला हात लावावा कीं नाहीं, हा प्रश्न तो ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडतो.

आमचें 'खंडणी' हें उत्तर अपुरें होतें तें ह्यासाठीं. त्या शब्दानें सारा दोष एकाच्या माथीं बसतो. परंतु नांवावर बोली लावणारा शेजारी आणि पहिल्या ओळीवर निष्काळजीपणें टिचकी मारणारे आपण, हे दोघे नसते तर त्या लिलावास किंमतच आली नसती. वाटसरूनें टांगेवाल्यास सल्ल्याचें मोल कधीं दिलें होतें काय? इतकीं वर्षें आम्हीं शोधयंत्रास हजारों प्रश्न विचारले व एक पैही दिली नाहीं. आणि तरी तें आमचेंच हित पाहील अशी अपेक्षा केली. २०२४ पासून तर पुष्कळ प्रश्नांना यंत्र स्वतःच जुळविलेलें तयार उत्तर देऊं लागलें आहे. तें हिंदुस्थानांतही आलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत त्या उत्तरांतही जाहिराती दिसूं लागल्या. पूर्वी निदान दहा ओळींची तुलना तरी होई. एकच उत्तर मिळूं लागल्यावर तें देणाराचें मीठ कोणी खाल्लें आहे, हें विचारण्याची संवय अधिकच जपली पाहिजे. नांव ठाऊक असेल तर थोडें खालीं उतरून त्याच दारीं जावें, आणि 'प्रायोजित' हा शब्द वाचून मग निवड करावी, इतका श्रम सुशिक्षित कुटुंबांना जड नाहीं.

विद्यार्थ्यास आम्हीं पत्र लिहिलें. स्वतःच्या नांवावर बोली लावणें हा दोष नव्हे. रात्रीं आपल्या दारांत दिवा लावण्याचाच तो खर्च समजावा. शेजाऱ्याच्या नांवावर मात्र लावूं नये, त्यानें लावली असली तरी. त्याचें उलट उत्तर चार ओळींचें आलें: "सर, पटलें. ह्या वर्षीं त्याच्या नांवावर बोली लावली नाहीं. पंचवीस-तीस पेट्या कमी गेल्या असाव्या. वडील म्हणाले, जाऊं देत."