उणे आणि अधिक

दिवाळीच्या फराळाशेजारी बिअरची बाटली मांडलेली पुष्कळांना रुचायची नाही, हे मी जाणून आहे. पण मला तिच्यातली बिअर नको. हवा आहे तो फक्त तिचा फेस. कारण नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न मला या फेसाने जितका नीट समजावला, तितका ग्रंथांनीही समजावला नाही.

इंग्लंडात घरच्यापुरती बिअर करण्यावरचे परवान्याचे बंधन १९६३ साली उठले. आपल्याकडे लोणचे मुरते तशी तिकडच्या कित्येक घरांत बिअर मुरत असते. माझ्या तिथल्या मुक्कामात हा उद्योग मी जवळून पाहिला. आंबून झालेली बिअर बाटलीत भरताना लिटरमागे पाचसहा ग्रॅम साखर घालतात आणि झाकण घट्ट बसवतात. उरलेले यीस्ट ती साखर खाते. तिच्यातून निम्मे मद्यार्क आणि निम्मा कार्बन डायॉक्साइड, असा साधारण हिशेब. वायूला वाट नसल्यामुळे तो बिअरमध्येच विरघळून राहतो. दोनेक आठवड्यांनी झाकण उघडताच फेस होऊन वर येतो तो हाच.

हे बिघडते दोन तऱ्हांनी. कधी बिअर निपचित निघते. त्यावरचे उपाय सोपे आहेत. खोली थंड असली तर बाटल्या वीसेक अंश उबेत हलवाव्यात, तळाशी बसलेले यीस्ट उठावे म्हणून त्या हलकेच उलट्यासुलट्या कराव्यात, आणि वाट पाहावी. एवढ्यानेही न भागले, तर झाकण काढून चिमूटभर साखर किंवा यीस्ट घालावे आणि नवे झाकण बसवावे. कधी याच्या उलट घडते. साखर जास्त पडते, किंवा आंबणे पुरे होण्याआधीच बाटल्या भरल्या जातात. मग आतला दाब वाढत जातो आणि एखादे वेळी बाटलीच फुटते. अशा बाटल्या आधी खूप गार कराव्या लागतात. हातमोजे घालून, डोळे सांभाळून एकेक झाकण सैल करावे लागते.

ॲरिस्टॉटलने सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो असे सांगितले आणि आपण त्याला सुवर्णमध्य म्हणून मोकळे झालो. पण त्यानेच पुढे बजावले आहे, की दोन टोके सारखीच वाईट नसतात. नेमका मध्य साधत नसेल, तर कमी वाईट टोकाकडे झुकावे. आमटी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. मीठ वरून घेता येते, काढून घेता येत नाही.

परंतु कमी वाईट टोक ओळखावे कसे? माझ्या एका वृद्ध शेजाऱ्याने नाताळची भेट म्हणून आळीत बाटल्या वाटल्या होत्या. घरी उरलेल्यांपैकी एक उघडताच कारंजे उडाले. गृहस्थ त्याच संध्याकाळी पावसात घरोघर गेले आणि आपली भेट परत मागून आणली. निपचित बिअरसाठी ते कुणाच्या दारात गेले नसते. जाण्याचे कारणही नव्हते. त्या दिवशी मला उत्तर सापडले. उण्याचा दंड बहुधा करणारा भोगतो. अधिकाचा दंड जो जवळ उभा असेल तो भोगतो.

मग नेहमी उणेच असावे काय? तसे नाही. कौतुक, माया, मदत यांत हात आखडणारा माणूस स्वतःला सावध समजतो, पण त्याच्या उण्याची झळ दुसऱ्यालाच लागते. तिथे सढळपणाच बरा. राग, शिक्षा आणि कडू शब्द यांची गोष्ट वेगळी. ते कमी पडले तर उद्या भर घालता येते. आणि ते अधिक झाले असतील, तर अंगावर पाऊस घेत स्वतःच्या पायांनी ते परत आणायला गेले पाहिजे, बाटली फुटण्यापूर्वी.