विसरलेला मिस्त्री

शास्त्रपाठ : उपदेशक ९:१३-१६



उपदेशकाच्या नवव्या अध्यायांत एका लहानशा नगराची गोष्ट आहे. एका बलाढ्य राजानें त्यास वेढा घातला. आंत राहणाऱ्या एका गरीब पण शहाण्या मनुष्यानें आपल्या बुद्धीनें तें वांचविलें. आणि पुढें त्याची आठवण कोणीहि ठेविली नाहीं. त्याचें नांवहि शास्त्रांत दिलेलें नाहीं. हा पाठ वाचीत असतां मला अमेरिकेंतील एका मिस्त्रीचें स्मरण होतें. त्याचें नांव चार्ल्स टेलर.

विमान प्रथम कोणीं उडविलें, असें शाळेंतील मुलास विचारा. राईट बंधूंनीं, असें तो तत्काळ सांगेल. हे दोघे बंधु, विल्बर व ऑर्व्हिल, एका बिशपाचे पुत्र. डेटन शहरीं त्यांचें सायकलींचें दुकान होतें. रविवारीं ते विमान उडवीत नसत, हें ऐकून आपल्या मंडळ्यांस बरें वाटेल. परंतु त्या विमानाचें एंजिन कोणीं घडविलें, हें फारच थोड्यांस ठाऊक आहे.

टेलर १८६८ सालीं जन्मला. बाराव्या वर्षीं शाळा सोडून तो कामास लागला. १८९४ सालीं त्याचें लग्न झालें. १९०१ सालीं राईट बंधूंनीं त्यास आठवड्यास १८ डॉलर पगारावर दुकानांत ठेविलें. पुढें त्यांस हलकें एंजिन पाहिजे झालें, व तें करून देणारा कारखाना मिळेना. तेव्हां तें काम टेलरवर आलें. तोंपर्यंत त्यानें एकदांच एका मोटारीचें एंजिन दुरुस्त करून पाहिलें होतें, इतकाच त्याचा अनुभव! जवळ एक लेथ, एक भोंकें पाडण्याचें यंत्र व हातचीं हत्यारें. पोलादाच्या जाड पाटावर त्यानें दांड्याची आकृति काढिली, रेषेवरून भोंकें पाडिलीं, छिणीनें जास्त भाग उडविला, आणि मग तो दांडा लेथवर कातून काढिला. सहा आठवड्यांत एंजिन सिद्ध झालें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्याच एंजिनाच्या बळावर विमान प्रथम १२ सेकंद हवेंत राहिलें. टेलर त्या वेळीं तेथें नव्हता. तो डेटन येथें दुकान सांभाळीत होता.

येथें थोडें थांबून आपल्या घरचें बोलूं. एका गांवीं एका वृद्ध बंधूनें मला विनविलें, “पाळकसाहेब, पोरास कारकुनी मिळेल असें करा, हातोडा मात्र नको.” मीं त्यास दोष देत नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांस हातच्या कामापायींच गांवाबाहेर ठेविलें, त्यांस हातोड्याची भीति वाटावी यांत नवल काय? तरी निर्गमाचा एकतिसावा अध्याय उघडून पाहा. देवानें बसालेलास नांवानें हांक मारिली व त्यास आपल्या आत्म्यानें परिपूर्ण केलें. तें उपदेश करण्यासाठीं नव्हे, तर सोनें, पितळ, पाषाण व लांकूड घडविण्यासाठीं. आम्ही पाळक लोक हा अध्याय फार क्वचित वाचून दाखवितों, हें मीं कबूल करितों.

टेलराचा उतारकाळ कष्टांत गेला. १९३० सालीं त्याची पत्नी वारली; छत्तीस वर्षांचा संसार संपला. कॅलिफोर्नियांत जमिनींत घातलेला पैसा बुडाला. पुढें तो म्हातारा विमानांच्याच एका कारखान्यांत तासास ३७ सेंटांवर काम करूं लागला. शेजारीं उभे राहून काम करणाऱ्यांस हा कोण आहे याची वार्ताहि नव्हती, आणि त्यानेंहि ती सांगितली नाहीं. हेन्री फोर्ड यांनीं राईट बंधूंचें जुनें दुकान पुन्हां उभारावयाचें ठरविलें, तेव्हां १९३७ सालीं त्याचा शोध लागला. तें काम उरकून तो पुन्हां कारखान्यांत गेला. १९४५ सालीं हृदयाच्या विकारानें त्याचें काम कायमचें सुटलें.

ऑर्व्हिल मात्र त्यास विसरला नाहीं. आपल्या मृत्युपत्रांत त्यानें टेलरास दरसाल ८०० डॉलर लावून दिले. महागाईपुढें ते पुरले नाहींत. १९५५ सालीं एका बातमीदारास टेलर सरकारी इस्पितळाच्या गरिबांच्या खोलींत सांपडला. मग विमानाच्या धंद्यांतील लोकांनीं वर्गणी जमवून त्यास चांगल्या जागीं हलविलें. आपल्या मंडळींत ज्या गवंड्यानें प्रार्थनामंदिराची भिंत बांधिली, ज्या सुतारानें व्यासपीठ केलें, ते आज कोणाच्या ओसरीवर पडून आहेत, हें सेवकांनीं या आठवड्यांत जाऊन पाहावें. बातमीदार येण्याची वाट पाहूं नये.

३० जानेवारी १९५६ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, टेलर वारला. आठ वर्षांपूर्वीं त्याच तारखेस ऑर्व्हिल वारला होता. कॅलिफोर्नियांतील बर्बँक विमानतळानजीक एक दफनभूमि आहे. तेथें जुन्या वैमानिकांच्या स्मारकांत या मिस्त्रीसहि जागा मिळाली आहे, आणि त्याचें नांव तेथें कोरलेलें आहे.