उजव्या टाकीची नोंद

विमान विकून तीन वर्षं झाली, पण त्याच्या लॉगबुकात माझ्या हातची एक ओळ आहे: ‘दोन्ही टाक्यांचं बाँडिंग तपासलं.’ त्यातला ‘दोन्ही’ खोटा आहे.

कॅलिफोर्नियातल्या गॅरेजात नऊ वर्षं खपून मी ते लाँग-ईझी बांधलं. आराखडा बर्ट रुटन यांचा. फोमच्या गाभ्यावर काचकापड आणि इपॉक्सी. देखणं, हलकं, पण विजेच्या हिशेबाने काचेची बाटलीच. पत्र्याच्या विमानात स्थिर विजेला अंगभर वाट असते; इथे ती आपण बाँडिंगने करून द्यायची. टाकीच्या तोंडाशी तर द्यायलाच हवी. तिथली ॲल्युमिनियमची कडी चहूबाजूंनी काचकापडात बसलेली, कशालाच न जोडलेली. वाहतं पेट्रोल भार घेऊन येतं, तो कडीवर साठू शकतो. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरतं. हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावताच बसणारा चटका बहुधा याहून मोठाच असतो.

कडीला तांब्याची पट्टी डाख देऊन जोडावी, तर ॲल्युमिनियम डाख सहजी धरत नाही आणि उष्णतेने इपॉक्सी करपतं. म्हणून चांदीची पूड घातलेलं वाहक इपॉक्सी. चांदी तळाशी बसते. ती खरवडून एकजीव केली नाही, तर हाती नुसता गोंद लागतो. पक्का धरेल, वीज नेईलच असं नाही. कडीही घासल्या घासल्या जोडायची, कारण ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा धरतो. चांगला जोड आणि फसवा जोड दिसायला सारखेच. मीटर लावावाच लागतो.

डाव्या टाकीला लावला होता. एक ओहमच्या आत. उजवीचं मिश्रण मी रात्री उशिरा, वरवर ढवळून लावलं, आणि सुकल्यावर मीटर काढलाच नाही. वेळ नव्हता, असं स्वतःला सांगत आलो. वेळ होता. मीटर ‘नाही’ म्हणाला असता तर सगळं तासून पुन्हा करावं लागलं असतं, आणि वरचा रंगही झाला होता. शिवाय स्थिर वीज दहा लाख ओहमच्या वाटेनेही निथळते, हा हिशेब मी पाठ करून ठेवला होता. हिशेब खरा आहे. पण न मोजलेल्या जोडाला तो लावायचा कसा?

त्या विमानात मी बायकोला बसवलं. उजवी टाकी भरताना तिला चार पावलं लांब उभं राहायला सांगायचो. ती कधी कारण विचारायची नाही. विकत घेणाऱ्याला मात्र मी लांब उभं राहायला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांना फोन केला, जुन्या विमानाला भेटायचंय म्हणालो. मीटर खिशात होता. टोपण काढून टोकं टेकवली: १.३ ओहम. जोड उत्तम होता, सुरुवातीपासूनच असावा. ते गृहस्थ खूश झाले. विकल्यावरही इतकी काळजी घेणारा माणूस विरळा, म्हणाले. मी हसलो. लॉगबुकात त्या दिवशीची तारीख घालून आकडा लिहिला. जुनी ओळ तशीच राहू दिली.