सुवर्णपदकाने काय सिद्ध होतं?

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये एका सादरीकरणाला जास्तीत जास्त दीड मिनिट मिळतं. हूप, बॉल, क्लब आणि रिबन अशी चार सादरीकरणं धरली, तर ऑलिम्पिकच्या वैयक्तिक अंतिम फेरीत खेळाडू जेमतेम सहा मिनिटं मॅटवर असते. 20 ऑगस्ट 2016 रोजी रिओमध्ये रशियाच्या मार्गारिता मामुनने याच फेरीत सुवर्णपदक जिंकलं. तिचा जन्म मॉस्कोचा, आई रशियन, वडील बांगलादेशातल्या राजशाहीचे. पुढच्या वर्षी, वयाच्या 22 व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. ज्या वयात आपल्याकडची मुलं पहिली नोकरी शोधत असतात, त्या वयात तिचं करिअर पूर्ण झालं होतं.

ते करिअर कसं घडलं, हे पोलंडच्या मार्ता प्रुस यांच्या ‘ओव्हर द लिमिट’ या माहितीपटात दिसतं. रिओच्या आधीचा काळ त्यात टिपला आहे. रशियन संघाच्या मुख्य प्रशिक्षक इरिना विनर कॅमेऱ्यासमोर मामुनला असं काही बोलतात की ऐकणाऱ्याला खाली बघावंसं वाटावं. तू माणूस नाहीस, खेळाडू आहेस, अशा अर्थाचंही त्या तिला सुनावतात. मुलगी उलट उत्तर देत नाही. डोळे भरून येतात, ती ते आवरते आणि पुन्हा सरावाला उभी राहते. त्याच काळात तिचे वडील कॅन्सरने आजारी होते. मुलीच्या सुवर्णपदकानंतर काही दिवसांतच ते गेले.

हे सगळं सहन करणं तिला कोणी वेगळं शिकवलं असेल असं मला वाटत नाही. ते या खेळातच मुरलेलं आहे. सहा मीटरची रिबन हवेत सतत खेळती ठेवायची. तिला गाठ पडली की गुण गेले, नुसता गुडघा वाकला तरी गेले. शिवाय हे सारं सहज चाललंय असं दिसायला हवं, कारण चेहऱ्यावरचा भावही परीक्षक पाहतात. कष्ट लपवणं हे जिथे कौशल्य मानलं जातं, तिथे दहा-बारा वर्षं वाढलेली मुलगी दुःखही त्याच सफाईने लपवणार. आणि आपण प्रेक्षक नेमक्या त्याच सफाईला टाळ्या देतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : पण सुवर्णपदक मिळालं ना? हे उत्तर मला मुळीच पटत नाही, आणि ते खोडून काढायला रिओची ती अंतिम फेरीच पुरेशी आहे. मामुनची संघातली सोबतीण याना कुद्रियावत्सेवा 2013, 2014 आणि 2015 अशी सलग तीन वर्षं सर्वंकष प्रकारात, म्हणजे चारही सादरीकरणांच्या एकत्रित गुणांत, जगज्जेती होती. यांतल्या शेवटच्या दोन वर्षी मामुन तिच्या मागे दुसरी. रिओमध्ये क्लबचं सादरीकरण अगदी संपता संपता यानाच्या हातून क्लब निसटला. मामुनचे गुण झाले 76.483, यानाचे 75.608. दोघी एकाच संघातल्या, एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालच्या, त्याच शिस्तीत वाढलेल्या. मग ती शिस्त, ते बोलणं, यांच्यामुळे सोनं मिळालं म्हणायचं की रुपं? निकाल फिरला तो निसटलेल्या क्लबमुळे. याना तर त्यानंतर काही महिन्यांतच, 19 व्या वर्षी निवृत्त झाली.

दुसरा पुरावा स्वित्झर्लंडचा. तिथल्या माग्लिंगेन या राष्ट्रीय केंद्रात सराव केलेल्या माजी जिम्नॅस्ट 2020 मध्ये जाहीरपणे बोलल्या. अपमान, वजनावरून टोमणे, दुखापत असतानाही सराव, असं सगळं त्यांनी सांगितलं. त्या देशाला रिदमिकमध्ये ऑलिम्पिक पदक एकही नाही. म्हणजे तीच भाषा पदक असलेल्या देशातही आहे आणि नसलेल्या देशातही. कठोर सराव हवा, यात वाद नाही. अचूकता हजारदा केल्याशिवाय अंगात उतरत नाही. अपमान मात्र त्या सरावाचा भाग नाही. तो पदकाच्या आडोशाला उभा राहून फुकटचं श्रेय घेतो.

मामुनची रोजची प्रशिक्षक अमिना झारिपोवा हीसुद्धा पूर्वीची जिम्नॅस्ट, 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली. या खेळातल्या कितीतरी मुली निवृत्तीनंतर अशाच मॅटच्या कडेला येऊन उभ्या राहतात आणि जे त्यांना मिळालं तेच पुढच्या मुलींना देतात, मायाही आणि ओरडाही. मामुनही आता लहान मुलींना शिकवते. यातलं काय पुढे द्यायचं आणि काय आपल्यापाशी थांबवायचं, हे ठरवणं तिच्या पिढीच्या हातात आहे. तिच्या सुवर्णपदकाइतकंच मला ते मोलाचं वाटतं.

आपल्याकडे ठाण्यासारख्या शहरांत हा खेळ आता चांगला रुजतोय, मुली राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणतायत. क्लास निवडताना आईवडील पदकांची यादी विचारतात. तो क्लास सोडून गेलेल्या मुली किती आणि त्या का गेल्या, हेही त्यांनी त्याच बैठकीत विचारावं.