पाठीच्या मापाची गाडी

घोराडच्या विठोबा, बसलं की कळ कमरेतून मांडीत उतरते, उभं राहिलं की जरा ओसरते. म्हणून तुझ्याशी उभ्यानंच बोलतो. तूही उभाच आहेस.

जुनी जीप पुन्हा बांधतो आहे, ते तू पाहतोसच. चासी सरळ झाली, फोर-व्हीलचा गिअरबॉक्स बसला, पाट्यांची एकेक पट्टी घासून, ग्रीस लावून परत चढवली. पावसाळ्यात आमच्या पांदणीतली काळी माती चाकाला धरते तेव्हा ट्रॅक्टरही फसतो, बंडीचे बैल गुडघ्यापर्यंत रुततात. पांदणीच्या पलीकडे वावरांत माणसं राहतात. रात्री कुणाला साप चावला, कुणा लेकीला कळा सुरू झाल्या, की खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि सेवाग्रामचा दवाखाना त्याच्याही पुढे. त्यांच्यासाठी ही गाडी हवी आहे, देवा. मला हौस आहे, हेही खरं.

कणा तूच घडवलास, त्याची रीत मला आता थोडी कळली आहे. दोन मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी स्वतःची रक्तवाहिनी जवळजवळ उरत नाही. शेजारच्या हाडातून तिला पोषण झिरपतं, आणि पाठीवर भार येतो-उतरतो त्याचाही त्याला हातभार लागतो. तासन् तास एकाच बैठकीत दाबली गेली की ती उपाशी राहते. त्यात बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते सहा वेळा येणारे हादरे सगळ्यांत जास्त लागतात, कारण त्या तालात धड स्वतःच झुलू लागतं. कडक पाटे आणि खड्ड्यांची वाट पाठीला नेमकी तिथेच पकडतात. म्हणून मागणं दुखणं हरपण्याचं नाही. गाडी पाठीच्या मापाची बांधण्याची बुद्धी दे.

याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, 26 डिसेंबर 1914 रोजी तू समाजसेवक बाबा आमट्यांना जन्माला घातलंस. पुढे त्यांचा कणा इतका झिजला की त्यांना बसताच येईना. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तरी 1985 साली भारत जोडो यात्रेत ते कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघाले. पोरं सायकलींवर, बाबा गाडीत आडवे. बसता येत नाही म्हणून त्यांनी प्रवास सोडला नाही, गाडीतच निजायची सोय केली. त्यांच्या कार्याची बरोबरी मी मागत नाही, पांडुरंगा. त्यांनी शरीराशी जो सरळ व्यवहार केला, तेवढा मला शिकव.

इंजिन उचलताना चेन-कप्पी येईपर्यंत थांबायचा धीर दे. गाडीखाली निजून वेल्डिंग करताना अंग आखडलं, तर पोरांना हाक मारायला जीभ रेटू दे. सीटचा कोन, कमरेमागचा आधार, क्लचपर्यंतचं अंतर ही कामं रंगाच्या आधी करून घे. दगडगोट्यांत चाकाची हवा जरा कमी करायची आणि डांबरीला लागण्यापूर्वी पुन्हा भरायची, ही आठवण दे. लांबचा पल्ला मारून उतरलो की लगेच पोतं उचलायला वाकू देऊ नकोस. चार पावलं चालव, मग वाकव.

आणि विठोबा, पाठ माझी एकट्याची नाही. दिवसभर ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवर आदळणारा चालक आहे. पऱ्हाटीत ओणव्यानं कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांना तर पाठ टेकायला सीटही नाही, आणि घरी गेल्यावर चूल आहेच. त्यांचं दुखणं माझ्या आधी ऐक.

मृग लागायच्या आत गाडी उभी राहू दे. मागची फळी माणूस आडवा निजेल एवढी लांब घेतली आहे. तिच्यावर निजणाऱ्याला हादरा कमी बसू दे, आणि कितीही घाई असली तरी पांदणीत पहिल्या गिअरमध्येच राहायचं बळ माझ्या पायात ठेव.