दुभाष्या नसलेल्या गावात

मंगळावर यान कोसळलेला एक रसायनतज्ज्ञ वाळूत सूर्य काढतो. भोवती बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. समोर उभा असतो शहामृगासारखा दिसणारा, लांब चोचीचा एक प्राणी. त्याला चित्र कळतं. पृथ्वीजवळ तो चंद्राची भर घालतो, म्हणजे याच्या जातभाईंकडे दुर्बिणी असणार. इथवर सगळं झकास. मग माणूस दगडाकडे बोट दाखवून त्यांच्या भाषेतलं नाव विचारतो आणि घोडं अडतं ते कायमचं. एकाच वस्तूला तो प्राणी दोनदा एकच शब्द वापरत नाही. शेवटी त्यालाच इंग्रजीचे पाच-सहा शब्द येतात, तेवढ्यावर दोघं शेकडो मैल सोबतीनं चालतात.

स्टॅन्ली वाइनबॉम यांची ‘अ मार्शियन ओडिसी’ ही कथा जुलै १९३४ची. या प्राण्याचं नाव ट्वील. वाटेत भेटणाऱ्या इतर जीवांबद्दल ट्वीलला मत द्यायचं असतं, आणि हाताशी शब्द मूठभर. पिंपासारखे दिसणारे, हातगाड्या ढकलत धावणारे जीव भेटतात तेव्हा तो सांगतो, एक आणि एक दोन : हो, दोन आणि दोन चार : नाही. अक्कल आहे, पण बेताची! अंकगणितातून निंदा करणारं दुसरं पात्र माझ्या वाचनात नाही.

हे वाचलं की मला मदुराईजवळची एक टपरी आठवते. चहा किती, पैसे किती, हे बोटांवर चटकन जमलं. बस केव्हा येईल हे विचारायला गेलो तर मालकानं हसून तिसरा चहा पुढे केला. आकडे वेशीच्या आत जातात. पुढच्या वाटेला दुभाष्या लागतो. परग्रहवासीयांच्या कथा मी पुष्कळ वाचल्या आणि हळूहळू असं वाटू लागलं की तबकड्या, किरणं, शुंडा हा सगळा देखावा आहे. लेखकाचा खरा कस लागतो तो दुभाष्याचं काय केलं, इथे.

फ्रेंच लेखक व्होल्टेअर यांनी १७५२ साली हा प्रश्न थट्टेवारी नेला. त्यांच्या ‘मिक्रोमेगास’मध्ये व्याध ताऱ्याकडून आलेला महाकाय प्रवासी आपल्या नखाचा तुकडा काढून त्याचं कर्णयंत्र करतो आणि माणसांचा किडामुंगीएवढा आवाज ऐकतो. जाताना तो माणसांना सृष्टीचं सार सांगणारा ग्रंथ देऊन जातो. पॅरिसच्या अकादमीत तो उघडतात, तर पानं कोरी.

एच. जी. वेल्स यांना थट्टा परवडणारी नव्हती. १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरचं यान इंग्लंडात वोकिंगजवळच्या माळावर पडतं. गावातली शहाणीसुरती मंडळी पांढरं निशाण घेऊन पुढे होतात. पलीकडचे बुद्धिमान दिसतात, आपणही आहोत हे त्यांना कळवावं, एवढाच बेत. निशाण फडकतं, उष्णतेचा झोत येतो, मंडळी राख. पांढऱ्या फडक्याचा अर्थ सगळ्या विश्वात एकच असणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला टास्मानियाची आठवण देतात : युरोपीयांनी तिथल्या मूळ रहिवाशांचं पन्नास वर्षांत काय केलं ते पाहा आणि मग मंगळवाल्यांना नावं ठेवा. (ते लोक समूळ नष्ट झाले, हा त्या काळचा समज, त्यांचे वंशज आजही आहेत.) साम्राज्याच्या मायभूमीत बसून हे लिहायला धाडस लागतं. पण पुढच्या नकलाकारांनी यातलं टास्मानिया गाळलं आणि झोत तेवढा ठेवला. कित्येक वर्षं परग्रहवासी म्हणजे रंग बदललेला दरोडेखोर, हेच समीकरण चाललं. म्हणून ट्वीलचं महत्त्व. तो शत्रू नाही, सेवक नाही, आणि माणसाची नक्कलही नाही. वाइनबॉम मात्र कथा छापून आल्यावर दीड वर्षाच्या आतच, ३३व्या वर्षी वारले.

महायुद्ध संपत आलं तेव्हा, मे १९४५मध्ये, मरे लीन्स्टर यांच्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये दोन यानं कर्क तेजोमेघात समोरासमोर येतात. आधी निघेल त्याचा माग काढत दुसरा त्याच्या घरापर्यंत जाईल, या भीतीनं कुणीच हलेना. तोडगा निघतो : यानांची अदलाबदल. शेवटी उमगतं की दोन्हीकडचे खलाशी एकमेकांना चावट विनोद सांगत होते. सोव्हिएत लेखक इव्हान येफ्रेमोव्ह यांना हा संशयकल्लोळ इतका खटकला की तेरा-चौदा वर्षांनी त्यांनी उलट कथाच लिहिली : ताऱ्यांपर्यंत पोचलेला समाज आपसातली मारामारी संपवूनच पोचलेला असणार. शीतयुद्धाचे दोन्ही पक्ष आपापलं घोडं आकाशात दामटत होते. सत्यजित राय यांच्या १९६२च्या ‘बंकूबाबूर बंधू’मधला परग्रहवासी अँग तर चौदा हजार भाषा जाणतो, त्यामुळे गावात टिंगल होणाऱ्या बंकू मास्तरांशी तो थेट बांगलात बोलतो. गोड कथा आहे. पण तिथे दुभाष्याची पंचाईत लेखकानं आल्या आल्याच मिटवून टाकली.

ती पंचाईत मिटणार नाही, असं छातीठोक सांगितलं पोलंडच्या स्टानिस्लाव लेम यांनी, १९६१च्या ‘सोलारिस’मध्ये. इथे परग्रहवासी म्हणजे ग्रहभर पसरलेला एक अखंड समुद्र, आपल्या ग्रहाची कक्षा स्वतः सावरणारा. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतात, त्याच्या लाटांतल्या आकारांना नावं देतात, ग्रंथालयं भरतात. व्होल्टेअरची पानं कोरी होती, लेमची काठोकाठ भरलेली; हाती येतं तेवढंच. वैतागून शास्त्रज्ञ समुद्रावर क्ष-किरणांचा मारा करतात. उत्तर म्हणून प्रत्येकाच्या खोलीत त्याच्या मनात पुरलेलं माणूस येऊन उभं राहतं. त्यांतल्या केल्विनकडे येते हॅरी, दहा वर्षांपूर्वी जीव दिलेली त्याची बायको. चेहरा तोच, आवाज तोच. पण कपडे बदलायची वेळ येते तेव्हा लक्षात येतं की तिचा झगा उघडतच नाही. बटणं आहेत, पण शोभेची. झगा कापावा लागतो. केल्विनच्या आठवणीत बटणं होती, ती समुद्रानं उतरवून घेतली. ती कशासाठी असतात हे त्याला कुठून कळणार?

मला सगळ्या कादंबरीत हा झगा सर्वांत भयंकर वाटतो. समुद्र वाईट नाही, कदाचित काही सांगतही नाही. आणि केल्विनला मात्र त्या न उघडणाऱ्या झग्यातल्या बाईवर पुन्हा जीव जडवावा लागतो.

१९७२ साली सोव्हिएत लेखक स्त्रुगात्स्की बंधूंनी आणखी पुढचं पाऊल टाकलं : परग्रहवासी आले, रस्त्याकडेला सहल करून गेले, मागे कचरा राहिला. आपण त्या कचऱ्यातल्या मुंग्या. टेड चँग यांच्या १९९८च्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’मध्ये दुभाष्याच नायिका झाली. लुईझ बँक्स सात पायांच्या पाहुण्यांची लिपी शिकते आणि शिकता शिकता तिची काळाकडे पाहायची नजरच बदलते. पाहुणे एक दिवस निघून जातात; का आले होते, ते शेवटपर्यंत कळत नाही. २०१६च्या ‘अरायव्हल’ सिनेमानं कारण पुरवलं, त्यांना पुढे कधीतरी आपली मदत लागणार म्हणे. तिकीट काढलेल्या माणसाला कारण लागतं, हे खरं, पण मला ते पटलं नाही.

कथेबाहेर आपण काय केलं? १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली. तीत ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, मराठीही. आपलं अभिवादन ऐकणाऱ्याला शुभेच्छा देतं आणि त्याचा हा जन्म धन्य व्हावा अशी इच्छा करतं. म्हणजे त्याला जन्म असतो, आणि ‘हा’ म्हणण्याइतके ते अनेक असतात, हे आपण धरूनच चाललो. पांढऱ्या निशाणाचीच ही सौम्य आवृत्ती. पुढे केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ला केसरबाई गेल्या. तबकडीच्या वेष्टणावर ती वाजवायची कशी याची आकृती कोरली आहे : एक फेरा ३.६ सेकंदांत, आणि ते मोजायला हायड्रोजन अणूचं माप. पुन्हा आकडेच.

ट्वीलला ती आकृती कळेल, असं मला वाटतं. पण तबकडी आधी त्या पिंपवाल्यांच्या हाती लागली तर? वाइनबॉमच्या कथेत माणूस त्यांना सांगतो की आपण मित्र आहोत. तेव्हापासून शेजारून जाणारा प्रत्येक पिंपवाला तेच शब्द घुमवत जातो, सोबत माणसाच्या तोंडून निसटलेला ‘आई गं’ही. आणि धावत जाऊन गाडीतले दगड, माती, पाला वारुळातल्या एका मोठ्या चाकाखाली ओततो. चाक सगळ्याची पूड करतं. का, ते कुणाला कळलेलं नाही. तेवढ्यात पुढची गाडी येते, दगडांवर काहीतरी पिवळं चकाकत असतं.