बंद खोलीची किल्ली

घरातील एखादे मूल मनाने आजारी झाले, तर ती गोष्ट कोणाची? त्या मुलाची, की त्याच्या घराची? प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटेल. परंतु केशवापुरातील आमच्याच आप्तांच्या घरी तो उभा राहिला, तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही.

मुलगा सतरा वर्षांचा, पी.यू.च्या दुसऱ्या वर्षाला. सात महिने तो खोलीबाहेर जवळजवळ आलाच नव्हता. विचारणाऱ्यांना परीक्षेचे कारण सांगितले जाई. परीक्षा होऊन गेल्यावर कावीळ झाली. सदर्न मराठा रेल्वेच्या काळात या मुलखात आलेल्या आपल्या घराण्यांना झाकली मूठ सांभाळण्याची सवय फार जुनी, त्यात पाठीशी लग्नाची बहीण. अशात एके दिवशी डासांच्या अळ्या पाहण्यास आलेल्या आशाताईंनी पाण्याच्या टाकीत डोकावून झाल्यावर सहज विचारले, "हुडगा यल्लि, वैनी?" आणि त्या माउलीचा बांध फुटला.

उपचार दूर होता असे मुळीच नाही. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ सालचे. आज ते 'डिमहान्स' या नावाने ओळखले जाते आणि हुबळीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. पण आमच्या लहानपणी 'धारवाडला नेऊन ठेवीन' हा मुलांना घालावयाचा धाक होता. तो ओलांडण्यास या घराला सात महिने लागले, आणि तेही कोणी हात धरल्यावर.

साध्या, ओळखीच्या माणसाने असा हात धरावा, ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. बंगळूरच्या निम्हान्सने १९८५ मध्ये शेजारच्या बेल्लारी जिल्ह्यात आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्यास शिकविले. १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर बेतलेला. गोव्यात 'संगथ' संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना तयार करून सरकारी आरोग्य केंद्रांत बसविले, आणि त्यांच्या मदतीने नैराश्य व चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाल्याचे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे प्रामुख्याने प्रौढांचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मनोविकार आढळला. परंतु आशाताई घरोघरी भरतात त्या पत्रकातील उदासपणाविषयीचे दोन प्रश्न तीस वर्षांवरील माणसांसाठी आहेत. शहरात दोनशे ते पाचशे घरे सांभाळणाऱ्या त्या बाईंनी विचारलेला प्रश्न कोणत्याच कागदावर नव्हता.

धारवाडला सोबत येण्याचे त्यांनी कबूल केले. तेव्हा मुलाची आई संकोचून म्हणाली, "ती गुलाबी साडी तेवढी नेसून येऊ नका." त्या साधी सुती साडी नेसून आल्या.

ऐकताना मला ही विनंती क्षुद्र वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही. घराची अब्रू आणि मुलाची गुप्तता बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींचे रूप बंद दाराचे. पण घराने जे दार लावले होते, त्यामागे मुलगा वैद्यालाही दिसत नव्हता. आशाताईंच्या मौनामुळे तो वैद्यापर्यंत पोहोचला. साडी बदलण्याची विनंती यांपैकी कोणत्या मौनासाठी होती, हे ती आईही सांगू शकणार नाही. मुलाला मात्र कोणी विचारले नव्हते. ते प्रथम विचारले आशाताईंनी, रुग्णालयाच्या ओसरीत: "मी आत येऊ, की बाहेर बसू?" तो म्हणाला, "बाहेर." मग आईकडे वळून, "तूही." आईला ते फार लागले. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच तिला आत बोलाविले.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गुप्ततेचा हक्क रुग्णाला देतो, पण अठरा वर्षांखालील मुलाचे प्रतिनिधी त्याचे पालकच असतात. किल्ली त्यांच्याच हाती. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावी लागते. घराने मुलाचे मत विचारण्यासाठी त्या रेघेची वाट का पाहावी?

आक्षेप आहेच. आशाताई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. हळदीकुंकवात एक शब्द निसटला तर? त्यापेक्षा १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक बरा, असे एक स्नेही म्हणाले. ऑक्टोबर २०२२ पासून ती सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण सात महिने त्या खोलीत फोन होता, आणि मुलाने तो उचलला नाही. कोणीतरी दाराशी यावेच लागते. जी येते, तिच्या हाती आपण आपले सर्वांत नाजूक गुपित देतो, आणि तिला मिळते ते तुटपुंजे मानधन. या हिशेबाने मी अस्वस्थ होतो.

मुलगा आता बराच सावरला आहे. हा लेख छापण्यास देण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखविला. त्याने दोन वाक्ये काढावयास सांगितली. ती काढली आहेत.